आर्टेमियाच्या बाटलीत मीठ कोणतं घालायचं?

घरी शोभिवंत मासे वाढवणारे दोन सभासद एकत्र आले की हा वाद निघतोच. फायटर, एंजल, गुरामी यांची पिल्लं पोहायला लागली की त्यांना आर्टेमियाची जिवंत पिल्लं लागतात. ती काढायला खारं पाणी लागतं आणि समुद्र तर घाटाखाली राहिला. म्हणजे हुबळी-धारवाडच्या माणसाला खारं पाणी घरीच करावं लागतं. मग एक म्हणतो आयोडीनचं मीठ घातलंस तर सगळं मरेल. दुसरा म्हणतो सैंधव आण. तिसऱ्यानं समुद्री मत्स्यटाकीसाठीचं महागडं मीठ मागवलेलं असतं आणि तो दुसरं काही ऐकायलाच तयार नसतो.

वादात वेळ गेला तर नुकसान खरंच होतं. फायटरची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर दोन-तीन दिवस पोटाखालच्या पिशवीवर जगतात. ती संपली की तोंडात काहीतरी जायलाच पाहिजे. त्या दिवशी बाटली फसली तर नवी लावून पुन्हा चोवीस तास थांबावं लागतं आणि तोवर तळाशी मेलेली पिल्लं दिसायला लागतात. मरळ किंवा मांगूरची पिल्लं घरच्या टाकीत वाढवून बघणाऱ्यांचंही तेच. रोहू-कटल्याच्या मत्स्यजिऱ्याला मात्र हा खटाटोप लागत नाही. तळ्याला शेणखत घालून प्लवंग तयार केला की त्याचं भागतं.

पैशाचा हिशेबही बघा. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम अंड्यांतून दोन ते तीन लाख पिल्लं निघतात, पण त्या डब्याची किंमत ऐकूनच माणूस गप्प होतो. मीठ लिटरला लागतं पंचवीस ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा चाळीस लिटरला पुरतो. या सगळ्या धंद्यात सर्वात स्वस्त वस्तू मीठ आहे आणि आपण डोकं लावतो ते नेमकं तिच्यावर.

आर्टेमिया मुळात राहतो कुठे, ते आधी बघू. तो उघड्या समुद्रात राहत नाही, कारण तिथे मासे त्याला शिल्लक ठेवणार नाहीत. तो राहतो खाऱ्या तळ्यांत आणि मिठागरांत, जिथलं पाणी इतकं खारट असतं की मासा टिकत नाही. दुकानातल्या डब्यांतली बरीच अंडी अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधली असतात. पण हा प्राणी परदेशीच आहे असं नाही. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया सापडल्याची नोंद सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. पुढे राजस्थानातल्या डिडवाण्याच्या खाऱ्या तळ्यातूनही तो नोंदला गेला. तेव्हा मिठागराच्या मिठाशी त्याचं जुनं नातं आहे.

आपण ज्यांना अंडी म्हणतो ते खरं तर कोष. मिठागरातलं पाणी आटत जातं, खारटपणा वाढतो, तेव्हा मादी पिल्लं न घालता हे टणक कोष सोडते. ते पाण्यावर तरंगतात, वाऱ्यानं एका काठाला जमतात आणि वाळून पडून राहतात. पाऊस पडून पाणी पातळ झालं की फुटतात. म्हणजे फुटण्यासाठी त्यांना पाणी पातळ झालेलं हवं असतं. “जरा जास्तच मीठ टाक, खारट पाण्यातला जीव आहे” असं सांगणारे इथेच फसतात.

आतली भानगड अशी. कोषात ट्रेहालोज नावाची साखर साठवलेली असते. कोष भिजला की आतला जीव जागा होतो आणि त्या साखरेपासून ग्लिसरॉल बनवायला लागतो. ग्लिसरॉल बाहेरचं पाणी आत ओढतो, दाब वाढत जातो आणि शेवटी कवच तडकतं. बाहेरचं पाणी जितकं खारट, तितका ग्लिसरॉल जास्त लागतो आणि तितकी साखर खर्ची पडते. फार खारट पाण्यात कोष नीट फुगतच नाही. आणि फुटलाच तर पिल्लू उशिरा आणि थकून बाहेर येतं. ती साखर म्हणजे आपल्या माशाच्या तोंडात जाणारं पोषण आहे, ती बाटलीत कशाला घालवायची? लिटरला २० ते ३५ ग्रॅम मीठ चालतं. समुद्राचं पाणी साधारण ३५ ला असतं. आमचं मत विचाराल तर २५ धरा.

आता बाजारात जाऊ. हुबळीत दुर्गदबैलला नाहीतर धारवाडात सुभाष रोडला किराणा दुकानात जाड मीठ मागा, कानडीत हरळुप्पू. कुमटा तालुक्यातल्या साणीकट्ट्याचं मीठ मिळालं तर उत्तमच. गोकर्णजवळ अघनाशिनीच्या खाडीकाठी ती मिठागरं आहेत. खाडीचं पाणी वाफ्यांत आटवून केलेलं हे मीठ, त्यामुळे सोडियम क्लोराइडबरोबर थोडं मॅग्नेशियम, थोडं कॅल्शियमही त्यात राहतं. आर्टेमियाला ते चालतंच. त्यात थोडी माती असते. मीठ पाण्यात विरघळवून तासभर ठेवा, माती खाली बसली की वरचं पाणी सुती कापडातून गाळून घ्या.

जाड मीठ मिळालं नाही म्हणून अडून बसू नका. स्वयंपाकघरातलं साधं आयोडीनयुक्त मीठ घाला. हो, आयोडीनयुक्तच. हिशेब करून बघा. मिठात आयोडीन असतं किलोमागे साधारण १५ ते ३० मिलिग्रॅम. २५ ग्रॅम मीठ एका लिटरला घातलं तर जास्तीत जास्त पाऊण मिलिग्रॅम आयोडीन पाण्यात जातं. तेही पोटॅशियम आयोडेटच्या रूपात. जखमेला लावायचं, जंतू मारणारं टिंक्चर आयोडीन ते वेगळं. लोकांची भीती बहुधा त्या बाटलीवरून आली असावी. आयोडीनच्या मिठात पिल्लं काढणारे ढीगभर लोक आहेत. आणि खायच्या मिठात आयोडीन सक्तीचं असल्यामुळे बिगर-आयोडीन मीठ शोधत दुकानं पालथी घालण्यात अर्थ नाही. उलट, मासळी खारवायला किंवा कारखान्याला म्हणून विकलं जाणारं मीठ बाटलीसाठी आणलंत तर त्यावर खूण करून वेगळं ठेवा. घरच्या आमटीत ते पडता कामा नये. गलगंड टळावा म्हणून आयोडीन मिठात घालतात, ते ताटात राहू दे.

बारीक मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात घालतात त्या पदार्थांचीही भीती आहे. पोटॅशियम फेरोसायनाइड हे नाव पुड्यावर वाचलं की सायनाइडचा भास होतो आणि मंडळी घाबरतात. त्याची कायद्यानं ठरलेली मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. आपल्या बाटलीत लिटरमागे पाव मिलिग्रॅम. त्यानं बाटली फसत नाही. काही पुड्यांत न विरघळणारी पूड असते, तिनं पाणी दुधट दिसतं. थोडा वेळ ठेवा, खाली बसते.

नको ती मिठं मात्र पक्की लक्षात ठेवा. रक्तदाबवाल्यांसाठी मिळणारं कमी सोडियमचं मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड मोठ्या प्रमाणात असतं आणि इतकं पोटॅशियम या जीवांना झेपत नाही. लोह घातलेलं मीठ नको. काळं मीठ, म्हणजे पादेलोण, अजिबात नको. त्याचा वासच गंधकाचा. गुरांना चाटायला ठेवतात ती मिठाची वीट नको, कारण तिच्यात तांबं, जस्त असली खनिजं घातलेली असतात आणि तांबं कोळंबीच्या जातीच्या जिवांना फार वाईट. त्याच कारणानं मिठाचं पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात कालवू नका. घरात तांब्याचा हंडा असतोच, हात सवयीनं तिकडेच जातो. प्लास्टिकची बादली घ्या.

सैंधव चालतं, पण जास्त पैसे देऊन मिळतं काय? खाणीतलं असलं तरी ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच. समुद्री मत्स्यटाकीचं मीठ उत्तम, त्याच्या सगळ्या क्षारांचं प्रमाण समुद्रासारखं असतं. पण पिल्लं बाटलीत राहणार एक दिवस. आर्टेमिया मोठा करून पुढे पाळायचा असेल तर त्या मिठाचा विचार करा, नुसती पिल्लं काढायला नाही.

मीठ चमच्यानं मोजू नका. एका चमच्यात बारीक मीठ जास्त बसतं, जाड कमी. घरात वजनकाटा नसेल तर सोपी युक्ती आहे. एक किलोचा पुडा बादलीत घालून पाणी ओता आणि एकूण दहा लिटर करा. हे झालं दाट मीठपाणी, कॅनमध्ये भरून ठेवा. लागेल तेव्हा एक भाग मीठपाणी आणि तीन भाग साधं पाणी. लिटरला बरोबर २५ ग्रॅम पडतं.

मिठापेक्षा घोटाळा करतं ते पाणी, आणि यावर कुणी वाद घालत नाही. आपल्याकडे नळाला मलप्रभेचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतो. ज्या भागात काही दिवसांच्या अंतरानं पाणी सुटतं तिथे लोक ते टाकीत भरून ठेवतात आणि क्लोरीन आपोआप बराच उडून जातो. या एका कामात ती गैरसोय उपयोगी पडते म्हणायची. चोवीस तास पाणी येणाऱ्या वॉर्डात मात्र नळाखाली बाटली धरून लगेच अंडी टाकली तर पिल्लं मार खातात. आदल्या रात्री पाणी बादलीत काढून हवेचा पंप लावून ठेवा.

दुसरं म्हणजे पाण्याचा सामू. तो ८ च्या वर हवा, तरच पिल्लू कवचातून नीट सुटतं. नुसतं मीठ घातल्यानं सामू वाढत नाही. समुद्राच्या पाण्यात तो आपला आपण सांभाळला जातो, आपल्या बाटलीत नाही. लिटरला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला, धुण्याचा नव्हे. बोअरचं जड पाणी वापरत असाल, भांड्याला पांढरा थर धरतो तसलं, तर एखादी चिमूट पुरते. आमच्या अंदाजानं “मीठ वाईट निघालं” म्हणून जितक्या बाटल्या ओतून देतात, त्यातल्या पुष्कळ या सोड्यावाचून फसलेल्या असतात.

बाकीचं भराभर सांगतो. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, बूड कापून उलटी टांगलेली. पंपाची नळी थेट तोंडापर्यंत, टोकाला दगड न लावता, नाहीतर फेस होऊन अंडी काचेसारखी कडेला चिकटतात. लिटरला एक ग्रॅम अंडी, फार तर दोन. जवळ बल्ब पेटता ठेवा, पहिल्या काही तासांत उजेड लागतोच. पाणी २६ ते ३० अंश. धारवाडात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हे जमत नाही, बाटली थर्माकोलच्या खोक्यात घालून आत छोटा बल्ब लावायचा. वायर आणि पाणी एकमेकांपासून लांब ठेवा, घरात पोरं असतात.

एवढं करूनही फुटत नसतील तर संशय अंड्यांवर घ्या. कोष हवेतला ओलावा ओढून घेतात. पावसाळ्यात दहा वेळा उघडलेल्या डब्यातून सुटी विकलेली पुडी महिन्याभरात वाया जाते. घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवा. थंड बरणी बाहेर काढली की लगेच उघडू नका, आत दव धरतं.

आणि वाद मिटवायचाच असेल तर तोंडानं मिटवू नका. तीन बाटल्या घ्या, एकच पाणी, सारखा सोडा, एकाच डब्यातली अंडी अर्धा-अर्धा ग्रॅम. एकीत जाड मीठ, दुसरीत घरचं आयोडीनचं, तिसरीत महागडं. शेजारी-शेजारी ठेवा, म्हणजे ऊब सारखी मिळेल. चोवीस तासांनी पंप चालू असतानाच प्रत्येकीतून सिरिंजनं एक मिलिलिटर पाणी काढा, पांढऱ्या बशीत पसरा, भिंगाखाली पोहणारी पिल्लं आणि न फुटलेले गोल कोष वेगवेगळे मोजा. रिकामी टरफलं मोजायची नाहीत. प्रत्येक बाटलीचं तीनदा करा आणि सरासरी काढा. शंभरात किती फुटले ते कळेल. तिन्हींत फारसा फरक नसेल तर महागडा पुडा परत मागवू नका. तिन्ही वाईट असतील तर मिठाचा दोष नाही, अंडी बदला.

पिल्लं काढताना पंप बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, नारिंगी पिल्लं खाली तोंडाशी जमतात. तिथे बॅटरीचा उजेड धरा, आणखी येतील. दाट कापडात गाळून साध्या पाण्यानं एकदा धुऊन घ्या, म्हणजे टाकीत मीठ साठत नाही. टरफलं मात्र आत जाऊ देऊ नका, लहान पिल्लांच्या पोटात अडकतात. आणि लगेच खाऊ घाला. सात-आठ तासांनी आर्टेमियाचं पिल्लू कात टाकतं, तोवर सोबत आणलेली शिदोरी बरीचशी संपलेली असते. सगळी एकदम लागणार नसतील तर उरलेली थोड्या खाऱ्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळच्या खेपेला चालतात.