चँडलरच्या उन्हाळ्यात घरातली सायकल: ट्रेनर घेण्याआधी खोली आणि पंखा पाहावा

मे महिना सरत आला की चँडलरमधील सायकलस्वारांचा दिवस पहाटे चारला सुरू होऊ लागतो. कन्सॉलिडेटेड कालव्याच्या काठाने जाणाऱ्या पासेओ मार्गावर उजाडण्यापूर्वीच सायकलींचे दिवे दिसतात आणि साडेसहापर्यंत बहुतेकजण घरी परतलेले असतात. जुलै आला की ही पळवाटही बंद होते. १९ जुलै २०२३ रोजी शेजारच्या फिनिक्समध्ये रात्रीचे किमान तापमान ९७ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३६ सेल्सिअस होते. त्याच उन्हाळ्यात पारा सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर पोहोचला. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, सलग ११३ दिवस तो शंभरी गाठत राहिला. चँडलर ज्या मॅरिकोपा काउंटीत येते तिथे २०२३ या एका वर्षात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. उन्हात तापलेल्या डांबरावर पडून भाजलेले रुग्ण फिनिक्सच्या भाजलेल्यांच्या उपचारकेंद्रात दर उन्हाळ्यात दाखल होतात. सायकलवरून घसरणाऱ्याला इथे खरचटण्याबरोबर भाजण्याचीही भीती असते.

या हवेशी झुंजण्याची उदाहरणे मराठी माणसांत आहेत. २०१५ साली नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. जून महिन्यात होणाऱ्या या शर्यतीचा मार्ग अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातूनच जातो. मात्र तिथे प्रत्येक स्पर्धकासोबत पाणी, अन्न आणि मदतनीस असलेली गाडी असते. कार्यालय सुटल्यावर एकट्याने साउथ माउंटनचा चढ चढायला निघालेल्या अभियंत्यामागे अशी गाडी नसते.

प्राइस रोडच्या परिसरातील कंपन्या आणि इंटेलचा ओकोटिलो प्रकल्प यांमुळे चँडलरमध्ये पुणे-मुंबईहून आलेली अनेक कुटुंबे स्थिरावली आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल उत्साहाने चालवलेली सायकल पुढचे पाच महिने गॅरेजच्या भिंतीला टेकून राहणे, हा त्यांच्यातील अनेकांचा अनुभव. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराचे प्रमाण तुलनेने जास्त आढळते. अमेरिकेत २०१० पासून चालू असलेला ‘मसाला’ हा अभ्यास त्याच कारणांचा शोध घेत आहे. चाळिशीत हालचाल दरवर्षी पाच महिने थांबणे म्हणूनच परवडणारे नाही. जगाच्या थंड भागांत घरातला ट्रेनर हिवाळ्याची सोय मानला जातो. चँडलरमध्ये तो उन्हाळ्याचा सोबती आहे आणि या एका फरकाने निवडीचे जवळजवळ सगळे निकष बदलतात.

ट्रेनरवर घाम इतका का येतो, याचे गणित सोपे आहे. माणसाचे शरीर अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचवते. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. १५० वॉट शक्तीने पेडल मारणाऱ्या व्यक्तीचे शरीर त्याच वेळी ५०० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकत असते. शिवाय पेडलमधून आलेले १५० वॉटही ट्रेनरचा ब्रेक उष्णतेतच बदलतो. थोडक्यात, खोलीत सहा-सातशे वॉटचा हीटर लावून व्यायाम करण्यासारखा हा प्रकार आहे. रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना अंगावर आपोआप वारा येतो, घाम उडून जातो आणि शरीर थंड राहते. घरात चाक फिरते, स्वार मात्र जागीच असतो. अंगाभोवतीची हवा ओलसर होऊन साचते आणि घाम सुकण्याऐवजी ठिबकू लागतो.

त्यामुळे पहिला निर्णय जागेचा. बहुतेक घरांत सायकल गॅरेजमध्ये असते आणि ट्रेनरही तिथेच लावण्याचा मोह होतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात ही जागा उत्तमच. उन्हाळ्यात मात्र पश्चिमेकडे दार असलेले, वातानुकूलन नसलेले गॅरेज संध्याकाळी बाहेरच्या हवेपेक्षाही तापलेले असू शकते. त्यात नुकत्याच आत आलेल्या गाडीच्या इंजिनाची भर पडते. ‘मोठा पंखा लावू’ हे उत्तर तिथे अपुरे ठरते. त्वचेचे तापमान साधारण ३५ सेल्सिअस असते. हवा त्याहून गरम असेल तर पंखा घाम सुकवतो हे खरे, पण सोबत गरम हवेची झळही अंगावर आणतो. पावसाळी वारे सुरू झाल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, हवेतील दमटपणा वाढतो तेव्हा घाम सुकण्याचा फायदाही घटतो. उन्हाळ्यात ट्रेनरची जागा वातानुकूलित खोलीतच असायला हवी. बैठकीच्या खोलीच्या शोभेत थोडी तडजोड करावी लागली तरी चालेल.

दुसरा खर्च पंख्याचा. छताचा पंखा पुरत नाही. गालिचे वाळवण्यासाठी वापरतात तसा जमिनीवर ठेवण्याचा जोरदार ब्लोअर समोरून, छाती आणि चेहऱ्याच्या दिशेने लावावा. शक्य झाल्यास पाठीमागून दुसरा. अनेकजण हजार डॉलरचा ट्रेनर घेतात आणि वीस डॉलरच्या पंख्यावर काटकसर करतात. दहाव्या दिवशी ट्रेनरवर वाळत घातलेले कपडे दिसू लागतात, त्याचे कारण पुष्कळदा यंत्रात नसून या काटकसरीत असते.

यानंतर यंत्राकडे वळावे. ट्रेनर ढोबळमानाने तीन प्रकारचे. रोलर म्हणजे तीन फिरत्या दंडगोलांची चौकट. सायकल तिच्यावर मोकळी ठेवून तोल सांभाळत चालवायची. पेडल मारण्यातली सफाई त्यातून येते, पण दिवसभराच्या बैठकांनंतर दमलेल्या माणसाने त्याची सुरुवात करू नये. दुसऱ्या प्रकारात सायकलचे मागचे चाक तसेच ठेवून ते एका छोट्या रोलरवर टेकवतात. हा स्वस्त, घडी घालून ठेवता येणारा आणि बहुतेक सायकलींना चालणारा. त्याच्या उणिवा म्हणजे टायरची झीज, वाढलेला आवाज आणि टायरमधल्या हवेच्या दाबानुसार बदलणारे आकडे. दर वेळी हवा सारखी भरणे, रोलर सारख्याच दाबाने घट्ट करणे आणि दहा मिनिटे चालवून तापल्यावर ट्रेनरची जुळवणी करणे, एवढी शिस्त पाळली तर तो वर्षानुवर्षे काम देतो.

तिसरा प्रकार सध्या सर्वाधिक चर्चेत आहे. त्यात मागचे चाक काढून सायकल थेट ट्रेनरवर चढवतात आणि साखळी ट्रेनरवरच्या कॅसेटवर फिरते. तो शांत असतो, शक्ती अचूक मोजतो आणि आतील जड चक्रामुळे रस्त्यावर असल्याचा भास बऱ्यापैकी देतो. वरच्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी आवाजासोबत कंपनाचाही विचार करावा. खाली जाड रबरी चटई नसेल तर खालच्या शेजाऱ्याला घरघर जाणवते.

महाग यंत्रांच्या जाहिरातीत दोन आकडे ठळक असतात: किती वॉटपर्यंत प्रतिरोध आणि किती टक्के चढाचा आभास. हौशी स्वाराला दोन्हींची फारशी गरज पडत नाही. १५० ते २५० वॉटमध्ये व्यायाम करणाऱ्यासाठी दोन हजार वॉटची क्षमता म्हणजे चाळीत राहून मंगल कार्यालयाची भांडी विकत घेण्यासारखे. त्यापेक्षा आपली सायकल त्यावर बसते का, हे दुकानात जाऊन विचारणे महत्त्वाचे. मागच्या आसाचा प्रकार कोणता, कॅसेटमध्ये किती दात-चकत्या आहेत आणि ती ट्रेनरसोबत मिळते की वेगळी घ्यावी लागते, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. सायकलला डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर ब्रेकचा दांडा चुकूनही दाबू नये. आतील पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि चाक परत घालणे जिकिरीचे होते. कार्बनच्या सांगाड्याबाबत निर्मात्याची ट्रेनरला परवानगी आहे का, तेही आधीच पाहावे. घरात पती-पत्नी आणि उंच होत चाललेली मुले असे तिघे-चौघे वापरणार असतील, तर सीट आणि हँडल चटकन वरखाली करता येणारी व्यायामाची सायकल घेणे अधिक शहाणपणाचे.

‘स्मार्ट’ ट्रेनर संगणकाशी किंवा फोनशी जोडला जातो आणि पडद्यावरचा चढ आला की स्वतःच जड होतो. २०१४ मध्ये आलेल्या झ्विफ्टने या आभासी रस्त्यांना लोकप्रिय केले. अशा सेवांना मासिक वर्गणी असते आणि खरेदीच्या हिशेबात ती धरायला अनेकजण विसरतात. घरातल्या सरावाने खरोखर काही साधते का, या शंकेला मॅथ्यू हेमन या ऑस्ट्रेलियन सायकलपटूचे उदाहरण नेहमी दिले जाते. फेब्रुवारी २०१६ मध्ये शर्यतीत त्याचा हात मोडला. पुढचे आठवडे त्याने घरात ट्रेनरवर सराव केला आणि एप्रिलमध्ये पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांची कठीण शर्यत जिंकली. अर्थात त्यामागे अनेक वर्षांची व्यावसायिक मेहनत होती. जाहिरातीत तेवढा भाग लहान अक्षरांत येतो.

चँडलरकरांना या आभासी रस्त्यांचा एक वेगळाच लाभ आहे. नवाहो नेशनचा अपवाद वगळता अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळे पुढे सरकत नाहीत. त्यामुळे भारताशी असलेले साडेबारा तासांचे अंतर वर्षभर कायम राहते. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता चँडलरमध्ये ट्रेनरवर बसलेल्याला पुण्यात रविवारची सकाळ साडेसहाची सापडते. बाहेर आषाढाची झड लागलेली असल्याने तिकडचा मित्रही घरातच असतो, हा आणखी एक योगायोग. एकाने उन्हामुळे आणि दुसऱ्याने पावसामुळे दार लावून घ्यावे आणि दोघांनी गप्पा मारत तासभर एकाच आभासी घाटात चढावे, ही सोय कोणत्याही वेळापत्रकापेक्षा अधिक टिकाऊ ठरते.

वापराच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक म्हणजे पहिल्याच आठवड्यात रस्त्यावरचा आवेश घरात आणणे. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, तीस ते चाळीस मिनिटे आणि बोलता येईल इतपत श्रम पुरेत. प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस आहे; तिथवर महिनाभरात सावकाश पोहोचता येते. उष्णतेमुळे तेवढ्याच वॉटला हृदयाची गती हळूहळू चढत जाते, हे ध्यानात ठेवावे. पस्तिसाव्या मिनिटाला ठोके वाढलेले दिसले तर तब्येत घसरली असे समजू नये. पंखा वाढवावा आणि वॉट कमी करावेत.

स्मार्ट ट्रेनरमध्ये ठरावीक वॉट कायम राखणारी एक पद्धत असते. पेडलचा वेग मंदावला की यंत्र प्रतिरोध वाढवते, त्यामुळे वेग आणखी मंदावतो आणि पाहता पाहता पाय जागीच अडकतात. नवख्यांना यंत्र बिघडले असे वाटते. अशा वेळी जोर न लावता क्षणभर थांबावे, प्रतिरोध उतरू द्यावा आणि हलक्या पायाने पुन्हा वेग घ्यावा. रस्त्यावर सायकल डोलते, शरीर नकळत हलते. ट्रेनरवर ती खिळलेली असल्याने बूड लवकर दुखते. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहून पेडल मारल्यास हा त्रास बराच कमी होतो.

पाण्याचा अंदाज वजनकाट्यावर मिळतो. व्यायामापूर्वी आणि नंतर अंग पुसून वजन करावे. एक किलो घट म्हणजे जवळपास एक लिटर पाणी गेले. तासाभराच्या सरावाला लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घातलेले पाणी पुरते. रंगीत बाटल्यांची गरज नाही. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी मिठाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. छातीत दडपण, चक्कर, गरम खोलीत अंगावर येणारा काटा किंवा शिसारी जाणवली तर पडद्यावरचा चढ कितीही थोडा उरलेला असो, तिथेच उतरावे.

घाम सायकललाही सोडत नाही. हँडलच्या मुळाशी असलेले बोल्ट आणि बेअरिंग मिठाने गंजतात आणि ते बाहेरून दिसत नाही. सांगाड्यावर टॉवेल पसरावा आणि उतरल्यावर ओल्या फडक्याने सारे पुसून घ्यावे. ऑक्टोबरमध्ये पहाटेची हवा सुसह्य झाली की सायकल ट्रेनरवरून उतरते. त्या वेळी हँडलचे बोल्ट, साखळी आणि ब्रेक एकदा दुकानात दाखवावेत. ट्रेनरसाठी वेगळा कडक टायर चढवला असेल तर तो काढून रस्त्याचा टायर बसवावा. त्या कडक रबराची रस्त्यावरची पकड कमी असते आणि कालव्याकाठच्या पहिल्याच वळणावर ते कळते.