पहाटेचा धूर वर का जात नाही?

जानेवारीत पहाटे वसईतल्या पापडीच्या एखाद्या वाडीत पालापाचोळा पेटवला, तर धूर माडाच्या झावळ्यांपर्यंत चढतो आणि तिथंच आडवा पसरतो. एरवी उंचीनुसार हवा थंड होत जाते, किलोमीटरला साधारण साडेसहा अंश. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री मात्र जमीन भराभर निवते, तिला टेकलेली हवा गारठते आणि वर उबदार थर झाकणासारखा बसतो. गार हवा जड, ती वर उठत नाही. धूर, धूळ, गाड्यांचे काजळीकण सगळं खालीच कोंडतं.

त्यात वाऱ्याची दिशा. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला वसईचे कारखाने, महामार्ग आणि त्यापलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात आणि हवा ढवळून काढतात. रात्री मतलई वारे उलटे वाहतात, पूर्वेकडची धूळ घेऊन आपल्याकडे. म्हणून दम्याच्या माणसाला पहाटेचं फिरणं सोसत नाही. त्यानं ऊन चढल्यावरच बाहेर पडावं, असं मला कळकळीनं वाटतं.

पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरची स्वच्छ हवा आणतो, सरी धूळ खाली बसवतात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण मात्र थेंबांना सहज सापडत नाहीत. भारतात त्यांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली ती 15 सुचवली.