पोकेमॉन गोमधील सुरुवातीच्या पोकेमॉनची निवड

पोकेमॉन गो हा नायँटिक या अमेरिकन कंपनीने जुलै २०१६ मध्ये आणलेला मोबाइल खेळ आहे. रिलायन्स जिओच्या सहकार्याने तो डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे उपलब्ध झाला. नव्या खेळाडूने आरंभी कोणते पोकेमॉन पकडावेत, हे या खेळात त्यांच्या बळापेक्षा कँडीच्या हिशेबावर अवलंबून असते.

खेळ सुरू होताच बल्बासॉर, चार्मँडर व स्क्वर्टल यांपैकी एक पकडावा लागतो. तिघांना टाळून चालत राहिल्यास पिकाचूही समोर येतो. या निवडीची चर्चा फार होते, परिणाम मात्र अल्प असतो. खेळाडूची पातळी वाढेल तसे (३० व्या पातळीपर्यंत) अधिक बलवान पोकेमॉन भेटू लागतात आणि पहिल्या दिवशीचा चार्मँडर मागे पडतो. त्याच्यावर स्टारडस्ट खर्च करणे ही नवख्यांची नेहमीची चूक होय.

पातळी लवकर वाढते ती पिजी, कॅटरपी, वीडल अशा क्षुल्लक वाटणाऱ्या पोकेमॉनमुळे. पोकेमॉन पकडल्यावर त्या जातीच्या ३ कँडी मिळतात. पिजीच्या उत्क्रांतीस १२ कँडी लागतात, म्हणजे चार पिजी पुरेत. मॅजिकार्पला तब्बल ४०० लागतात. उत्क्रांतीचे अनुभवगुण (आरंभीच्या काळात ५००) मात्र दोहोंना सारखेच.

पोकेमॉन पकडण्याचे चेंडू पोकेस्टॉपवर मिळतात व पोकेस्टॉप बहुधा स्मारके, शिल्पे, प्रार्थनास्थळे येथे असतात. छत्रपती संभाजीनगरसारख्या जुन्या वास्तूंच्या शहरात दिसेल तो पोकेमॉन पकडणे त्यामुळे परवडू शकते. पोकेस्टॉप विरळ असलेल्या गावात चेंडू सहज सापडणाऱ्या पिजीसाठीच राखणे श्रेयस्कर ठरते.