रुमालातला कागद

पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे जाड सुती कापडाचा मोठा चौकोनी तुकडा. एका विषयाचे कागद त्यात ठेवायचे, चारही टोके आवळायची आणि वर गाठ मारायची, ही दफ्तर बांधण्याची जुनी रीत. गाठ सोडली की मोडीतली पत्रे, हिशेब, ताळेबंद, सनदा हाती येतात. पेशवाई १८१८ मध्ये संपली. तिचे कागद मात्र अजून वाचता येतात. त्यांतले कितीतरी आजही उलगडताना मोडत नाहीत, शाईही काळीभोर दिसते. याउलट शंभर वर्षांपूर्वी छापलेले एखादे पुस्तक उघडावे, तर पानाचा कोपरा बोटाला लागताच तुटून खाली पडतो. जुना कागद टिकतो आणि त्यामानाने नवा कागद चुरतो, याचे उत्तर कागदाच्या रसायनशास्त्रात आहे. अभिलेखांचे जतन करण्याचे सारे शास्त्रही त्याच उत्तरावर उभे आहे.

चुन्याचे देणे

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचे दाट जाळे. हे तंतू सेल्युलोजचे असतात आणि सेल्युलोजचा प्रत्येक रेणू ही ग्लुकोजच्या शेकडो, हजारो कड्यांची साखळी असते. साखळ्या लांब असतील तोवर कागद चिवट राहतो. त्या जागोजागी तुटल्या की कागद घडीवर मोडू लागतो.

जुन्नरचा आणि दौलताबादजवळच्या कागदीपुऱ्याचा हातकागद एकेकाळी नावाजलेला होता. कागदी मंडळी सणाचे जुने दोर, गोणपाट, चिंध्या असा माल चुन्याच्या पाण्यात भिजवत, कुटत, पुन्हा पुन्हा धुऊन त्याचा लगदा करत. साच्यावर लगदा उचलून पान तयार होई. ते वाळले की त्याला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत. बोरू अडखळू नये आणि शाई फुटू नये, यासाठी हे घोटणे. या कृतीत दोन गोष्टी आपोआप साधत. एक म्हणजे, सणाचे आणि कापसाचे लांब तंतू कागदात उतरत. दुसरी म्हणजे, धुण्यातून उरलेला थोडा चुना तंतूंमध्ये राहून जाई. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते आणि पुढे कागदात आम्ल तयार झालेच, तर ते त्याला निष्प्रभ करते. कागद्याने चुना वापरला तो तंतू मऊ करण्यासाठी. कागदाला मिळाले दीर्घायुष्य.

शाईचेही असेच. मोडी कागदांवरची काळी शाई प्रामुख्याने दिव्याची काजळी आणि डिंक यांची. काजळी म्हणजे कार्बन. त्याच्यावर उजेडाचा किंवा आम्लाचा परिणाम होत नाही, म्हणून अक्षर फिके पडत नाही. मात्र ही शाई कागदात मुरत नाही, डिंकाच्या आधाराने पृष्ठभागावर बसते. त्यामुळे पाणी हा तिचा खरा शत्रू.

कागदातच दडलेले आम्ल

१८०७ मध्ये जर्मनीत मोरिट्झ इलिग याने लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळून कागदाला खळ देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती स्वस्त होती आणि यंत्रावर चालणारी होती, म्हणून जगभर पसरली. त्याच शतकाच्या मध्यानंतर चिंध्यांची जागा लाकडाच्या लगद्याने घेतली. कागद मुबलक झाला, शाळा, वर्तमानपत्रे आणि कचेऱ्या यांना तो परवडू लागला. पण त्याचे आयुष्य घटले. दमट हवेत तुरटीतून आम्ल सुटते. हे आम्ल आणि हवेतला ओलावा मिळून सेल्युलोजची साखळी मधूनच तोडतात. तुटण्याच्या क्रियेतून आणखी आम्ल बनते आणि ते पुढच्या कड्या तोडते. लाकडातले लिग्निन याला हातभार लावते. उजेडात ते पिवळे पडते आणि त्यातूनही आम्ल तयार होते. वर्तमानपत्राचे एक पान आठवडाभर उन्हात, खिडकीपाशी ठेवले तर हा बदल नुसत्या डोळ्यांनी दिसतो: उघडा भाग पिवळा, वर वस्तू ठेवली असेल तेवढा भाग पांढरट.

पदार्थ आम्लधर्मी आहे की आम्लारिधर्मी, हे सामू या मापाने कळते. ७ हा उदासीन बिंदू. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. कागदाचा सामू ५ च्या खाली गेला की त्याचा ठिसूळपणा झपाट्याने वाढतो.

युरोपात शतकानुशतके वापरलेली शाई तर स्वतःच आम्लधर्मी होती. ती माजुफळ आणि हिराकस यांपासून होत असे. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. ही शाई कागदात मुरते, पुसली जात नाही. पण तिच्यातले आम्ल आणि लोह मिळून कागद जाळतात. गोव्याच्या पुराभिलेखागाराचा आरंभ १५९५ मधला. तेथल्यासारख्या पोर्तुगीज दफ्तरांत या शाईचा धोका मोठा, कारण किनाऱ्याची दमट हवा तिच्या विध्वंसाला वेग देते. असे पान उजेडासमोर धरले तर अक्षरांच्या जागी जाळीसारखी भोके दिसतात. मजकूर स्वतःच्याच शाईने कुरतडला गेलेला असतो.

हवा, बुरशी आणि कसर

कागदाच्या आतली ही झीज पूर्ण थांबवता येत नाही, तिचा वेग मात्र कमी करता येतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून अभिलेखांच्या कोठारात २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखण्याचा प्रयत्न असतो. आकडा जितका महत्त्वाचा, तितकेच त्याचे स्थैर्यही. ओलावा वाढला की तंतू फुगतात, घटला की आकसतात. दिवसा चालू आणि रात्री बंद राहणाऱ्या वातानुकूलन यंत्राने कागदाला ही ओढाताण रोज सोसावी लागते. त्यापेक्षा जाड भिंतींची, हवा खेळती असलेली खोली बरी.

आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला संधी मिळते. तिचे बीजाणू हवेत कायमच असतात; त्यांना हवा असतो तो फक्त ओलावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या पुढे जाते, म्हणून तेथे आर्द्रताशोषक यंत्रे आणि पंखे यांना पर्याय नसतो.

कीटकांना कागदापेक्षाही खळ आवडते. कसर ही चंदेरी, चपळ कीड पानाचा वरचा थर खरवडून खाते, त्यामुळे पान पातळ होऊन अक्षरे नाहीशी होतात. वाळवी जमिनीतून किंवा भिंतीतून मातीची नळी करत येते आणि गठ्ठा आतून पोखरते. बाहेरून बासन शाबूत दिसते, आत उरते ती माती. म्हणून मांडण्या भिंतीला चिकटवत नाहीत आणि सर्वांत खालचा खण जमिनीपासून वीतभर उंच ठेवतात. लाकडापेक्षा रंग दिलेल्या लोखंडी मांडण्या पसंत केल्या जातात.

जुन्या काळी पोथ्यांमध्ये वेखंड आणि कडुनिंबाची पाने ठेवत. हस्तलिखितांना हरताळ लावण्याचीही चाल होती. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे संयुग. ते विषारी असल्याने कीड दूर राही. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा लेप देऊन त्यावर नवे अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. पोथीच्या शेवटी लेखक पोथीच्याच तोंडी विनंती घालीत: तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वाचवा. त्यातली तिसरी सूचना आजही शास्त्राला धरून आहे. घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यात धूळ आणि कीड सहजी शिरत नाही, बाहेरच्या हवेतला बदल आत सावकाश पोहोचतो, आणि सुती रुमाल थोडा ओलावा स्वतः शोषून घेतो.

आता कीड लागलेले दफ्तर हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर आठवडा-दोन आठवडे गोठवतात, किंवा नायट्रोजन भरलेल्या कक्षात ठेवून प्राणवायू तोडतात. दोन्ही उपायांत विषारी धूर लागत नाही, त्यामुळे कागद आणि तो हाताळणारी माणसे दोघेही सुरक्षित राहतात. उजेडाबाबत नियम साधा आहे: कोठारात काम नसताना अंधार, दिव्यांत अतिनील किरण नसावेत, प्रदर्शनात मांडलेला कागद काही आठवड्यांनी पुन्हा अंधारात जावा.

डागडुजी

दुरुस्तीचा पहिला नियम असा की जे केले ते पुढे सोडवता आले पाहिजे. चिकटपट्टीने नेमका हाच नियम मोडतो. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि पट्टी सुटली तरी डाग राहतो.

कागद दुरुस्तीला आला की आधी मऊ ब्रशने धूळ झाडली जाते. नंतर शाईची परीक्षा होते. अक्षराच्या एका कडेला पाण्याचा बारीक थेंब ठेवून वर टीपकागद हलकेच दाबतात. टीपकागदावर काळा ठिपका उमटला, तर त्या पानाला पाणी लावायचे नाही. शाई पक्की असेल तर पान कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या क्षारांच्या सौम्य द्रावणात बुडवतात. आम्ल निघून जाते आणि तंतूंमध्ये कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम कार्बोनेटचा थोडा साठा राहतो. जुन्नरच्या कागद्याने जे नकळत दिले होते, तेच प्रयोगशाळा नव्या कागदाला जाणून देते. शाई कच्ची असेल तर पाण्याऐवजी अल्कोहोलसारख्या द्रावकातले आम्लारी वापरतात.

फाटलेली कड सांधायला जपानी टिश्यू कागद आणि मैद्याच्या स्टार्चची खळ लागते. टिश्यू कापत नाहीत, पाण्याची रेघ मारून फाडतात. त्यामुळे कडेला तंतूंची झालर राहते आणि ती मूळ कागदात मिसळून जाते. त्यावर खळ लावून, मध्ये टीपकागद ठेवून वजनाखाली वाळवतात. जीर्ण पानांना आधार देण्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हाताने करायच्या लॅमिनेशनची पद्धत विकसित झाली होती. पानाच्या दोन्ही बाजूंना सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा, त्यावर टिश्यू, आणि वरून ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मधून कडेकडे फिरवायचा. यंत्र नको, उष्णता नको, म्हणून ती अनेक दफ्तरांना सोयीची ठरली. पुढे ॲसिटेट स्वतःच कालांतराने आम्ल सोडते, हे लक्षात आले आणि आता टिश्यू व खळ यांनाच प्राधान्य मिळते.

पूर किंवा गळती झाली तर वेळ ४८ तासांची असते; त्यानंतर बुरशी धरते. १९६६ मध्ये इटलीत फ्लॉरेन्स शहरात पूर आला आणि राष्ट्रीय ग्रंथालयातले लाखो ग्रंथ चिखलात गेले. जगभरातून आलेल्या तज्ज्ञांनी तेथे जे काम केले, त्यातून आजच्या संवर्धनशास्त्राची शिस्त घडली. ओला गठ्ठा ओढून सोडवायचा नाही, उन्हात टाकायचा नाही. थोडी पाने असतील तर टीपकागद घालून पंख्याखाली वाळवायची. ढीग असेल तर गोठवून वेळ मिळवायचा.

प्रत आणि मूळ

मूळ कागदाला कमीत कमी हात लागावेत म्हणून त्याची प्रत काढतात. पॉलिएस्टर पट्टीवरची चांदीच्या संयुगाची मायक्रोफिल्म नीट ठेवली तर शेकडो वर्षे टिकेल असे मानले जाते, आणि ती वाचायला भिंग व दिवा पुरतो. डिजिटल प्रत घरबसल्या पाहता येते. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे त्याचे उदाहरण. पण संगणकावरची फाइल कपाटात ठेवून टिकत नाही. तिच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी हव्यात, त्या बिघडल्या नाहीत हे वेळोवेळी तपासायला हवे, आणि तंत्र बदलले की ती नव्या स्वरूपात उतरवायला हवी. शिवाय कागदाचे तंतू, शिक्क्याचा ठसा, शाईचे घटक यांविषयीचे पुढचे प्रश्न मूळ कागदालाच विचारावे लागतात.

आणखी एक झीज कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही: क्रम मोडण्याची. दफ्तरातला कागद त्याच्या शेजारच्या कागदांमुळे अर्थ सांगतो. हिशेबाचा ताव कोणत्या महालाचा, पत्र कोणत्या पत्राचे उत्तर, हे त्याच्या जागेवरून कळते. ३९ हजार रुमालांत एक कागद भलत्या रुमालात गेला, तर तो वाळवीने खाल्ल्यासारखाच गमावला. म्हणून वाचन संपले की पाने होती त्याच क्रमाने लावायची, मोजायची, वहीत नोंद करायची, आणि मग रुमालाची गाठ मारायची.