दिव्याचा पत्ता संगणकाला कोण सांगतं?

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर एलईडी पेटवायचा, म्हणजे मेमरीतल्या ठरावीक पत्त्यावर एक आकडा लिहायचा. तो रॅममध्ये साठत नाही. थेट पिनेत वीज येते आणि दिवा लागतो! पिनेलाही पत्ता असतो, हेच मला भन्नाट वाटतं.

पण हा पत्ता कायमचा नसतो. 2012च्या पहिल्या पायमध्ये पिनांसारख्या सगळ्या हार्डवेअरच्या पत्त्यांचा मुलूख हेक्साडेसिमलमध्ये 2 आणि पुढे सात शून्ये, इथून सुरू व्हायचा. हिशेब केलात तर हा आकडा बरोबर 512 एमबी भरतो. 2015 साली पाय 2 आला, रॅम 1 जीबी झाली आणि ती जागा रॅमनेच व्यापली. मुलूख सरकला 3एफ आणि सहा शून्यांवर. पाय 4 मध्ये तर एफई आणि सहा शून्यांवर. जुना पत्ता कोरलेला प्रोग्रॅम पाय 2 वर चालवा, तो रॅमच्या अधेमधे काहीतरी खरडून ठेवेल. दिवा लागणार नाहीच, वर भलत्याच माहितीची नासाडी.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला हे कळायला अवघड नाही. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागातली कितीतरी गावं नव्या जागी वसली. नाव तेच, ठिकाण दुसरं. जुन्या वाटेने निघालेला पाहुणा चुकणार, फाट्यावर विचारणारा नेमका पोचणार.

संगणकही विचारतो. पीसीतल्या पीसीआय कार्डात पत्त्यासाठी 32 बिटांचं रजिस्टर असतं. बूट होताना त्यात सगळे 1 लिहायचे आणि लगेच परत वाचायचे. कार्ड खालचे काही बिट बदलूच देत नाही. खुणेसाठी राखलेले शेवटचे चार बिट बाजूला ठेवले आणि खालून 12 बिट शून्य निघाले, की समजायचं, याला 4096 बाइट जागा हवी. मग तेवढी मोकळी जागा शोधून तिचा पत्ता त्याच रजिस्टरमध्ये लिहितात. एक शब्द न बोलता कार्डाने आपलं माप दिलं! 1992 साली पीसीआय येण्याआधी कार्डावरचे जंपर हाताने बदलावे लागत. दोन कार्डांचा पत्ता एकच निघाला की भांडण ठरलेलं.

पाय 4 पर्यंतच्या पायमधल्या पिनांना असं विचारता येत नाही. तिथे डिव्हाइस ट्री नावाचा नकाशा बूटलोडर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हाती ठेवतो. तुळजापूर-धाराशिवच्या कॉलेजांत अशा पायवर प्रोजेक्ट करणाऱ्यांनो, प्रॉक डिरेक्टरीत डिव्हाइस-ट्री, त्यात सॉक आणि त्यात रेंजेस नावाची फाइल आहे. प्रोग्रॅममधला कोरलेला आकडा खोडा आणि पत्ता तिथून वाचा.