कोणते पाटील? आखाड्यातले की मतपेटीतले?

हिंगोली जिल्ह्यात ‘जवळ्याला चाललोय’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : बाजार की पांचाळ? औंढा तालुक्यातला जवळा बाजार, कळमनुरी तालुक्यातला जवळा पांचाळ. गावांचीच ही गत, मग माणसांचं काय! इथल्या कुठल्याही अडत्याचा मोबाइल उघडा : ‘पाटील हळद’, ‘पाटील ट्रॅक्टर’, ‘पाटील नवा नंबर’.

एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यात कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला 5-4 असं हरवून महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. कोल्हापूर त्या गदेची वीसेक वर्षं वाट बघत होतं. तिकडं सांगलीत दुसरे पृथ्वीराज पाटील, त्यांचा आखाडा विधानसभेचा. 2019 ला काँग्रेसकडून उतरले, भाजपच्या सुधीर गाडगीळांनी सुमारे सात हजार मतांनी पाठ लावली. 2024 ला पुन्हा शड्डू, समोर पुन्हा गाडगीळ, निकालही तोच.

आमच्या शेजारच्या परभणीचे खासदार संजय जाधव. ‘दुनियादारी’ काढली तेही संजय जाधव. परभणीकरांना अडचण नाही, त्यांचे ते ‘बंडू जाधव’.

सगळीकडं असं हसण्यावारी जात नाही. 2014 च्या लोकसभेला रायगडात सुनील तटकरे 2,110 मतांनी पडले. त्याच यादीत दुसरे सुनील तटकरे अपक्ष उभे होते, त्यांना 9,849 मतं. हिशेब तुम्हीच करा.

पण या खेळातला खरा केसरी परदेशातला. केंटकीत 1942 साली जन्मलेल्या बॉक्सरचं नाव कॅशियस क्ले. वडिलांचंही तेच, आणि ते आलं केंटकीच्याच एका गोऱ्या पुढाऱ्यावरून. हा मूळचा क्ले गुलामगिरीचा कट्टर विरोधक, पुढं रशियात अमेरिकेचा राजदूत. हातानंही कमी नव्हता. 1843 साली एका सभेत त्याच्या छातीवर गोळी झाडली गेली, ती सुऱ्याच्या म्यानावर अडली. मग त्यानं तोच सुरा काढून समोरच्याचा असा समाचार घेतला की बघणारे हबकले. बॉक्सर नेमका कोण, असा प्रश्न पडावा.

1964 मध्ये बॉक्सर क्लेनं हे, त्याच्या मते ‘गुलामीचं’ नाव टाकलं आणि तो मुहम्मद अली झाला. तरी पुढारी काही सुटला नाही. खिलाफत चळवळीचे मौलाना मोहम्मद अली 1923 च्या काकीनाडा काँग्रेसचे अध्यक्ष होते.

आमच्या अडत्यानं दोघांना कसं सेव्ह केलं असतं, सांगायला नको : ‘अली ठोसा’, ‘अली काँग्रेस’.