दलदलीतलं रानजायफळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

श्रीखंडात किसून घालतो ते जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. त्याची जंगली भावंडं मात्र आपल्या सह्याद्रीत आहेत. त्यांतल्या 'मिरिस्टिका मॅग्निफिका' या संकटग्रस्त जातीची दलदल सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे आहे. जेमतेम अडीच हेक्टरांची ही जागा राज्याने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली, हे फार चांगलं झालं. पण अशी जंगलं राखायची कशी, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: दलदल म्हणजे पडीक जागा. चर खणून पाणी काढलं, तर जमीन कारणी लागेल.

वस्तुस्थिती: दलदलीत या झाडांना स्पर्धा कमी असते, कारण चिखलात मुळांना हवा मिळत नाही आणि बहुतेक झाडं तिथे तग धरत नाहीत. रानजायफळाच्या कुळाने त्यावर तोड काढली. काही जातींना खोडापासून तिरकी आधारमुळं फुटतात, काहींची मुळं दुमडलेल्या गुडघ्यासारखी चिखलाबाहेर येऊन श्वास घेतात. एक चर खणला की हा सगळा खटाटोप वाया जातो. शिवाय हीच दलदल पावसाचं पाणी धरून ठेवते आणि खालच्या ओढ्याला सावकाश देत राहते. तरीही केरळ, कर्नाटक आणि गोव्यात अशा कितीतरी जागांवर भातशेती आणि सुपारीच्या बागा झाल्या.

गैरसमज: देवराईत जंगल असलं की चिंता नको.

वस्तुस्थिती: देवाच्या धाकानेच ही जंगलं टिकली, हे खरं. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राय हे त्याचं उत्तम उदाहरण. पण देवराईत येणारं पाणी देवराईच्या हद्दीबाहेर उगम पावतं. वरच्या उतारावरचं खाजगी रान तोडून रबर किंवा काजू लावला, तर खालच्या राईला कुणी हात न लावताही ती सुकू शकते. म्हणून कुंपणापेक्षा वरचा उतार आणि ओढा राखणं मला अधिक निकडीचं वाटतं.

गैरसमज: फळं गोळा केल्याने झाडाचं काय बिघडतं?

वस्तुस्थिती: उभ्या झाडाचं फारसं नाही, पुढच्या पिढीचं बिघडतं. रामपत्री या मसाल्यासाठी कच्ची फळं ओरबाडली की बीही जातं आणि बिया दूरवर नेणाऱ्या धनेशाचं खाणंही. काही फळं झाडावर राखून ठेवायलाच हवीत.

गैरसमज: रोपं लावली की जात वाचली.

वस्तुस्थिती: कुठे लावली, यावर सगळं अवलंबून आहे. रानजायफळाचं बी सुकलं की मरतं. धान्यासारखं वाळवून ते साठवता येत नाही, ताजंच रुजवावं लागतं. नर आणि मादी झाडंही वेगळी असतात, त्यामुळे नुसती झाडांची संख्या मोजून काही कळत नाही. दहा झाडं उभी असली आणि त्यांत मादी एकच असली, तर बी त्या एकाच झाडाचं. जागेचं महत्त्व मात्र दुसऱ्या एका झाडाच्या उदाहरणातून दिसतं. उत्तर कन्नडमधल्या काथळेकान दलदलीत बिब्ब्याची एक अतिदुर्मीळ जात सापडली आणि 2000 साली तिची शास्त्रीय नोंद झाली. तिच्या बियांपासून रोपवाटिकेत रोपं वाढवून ती पुन्हा दलदलीच्या जागीच लावण्यात आली. रस्त्याच्या कडेला किंवा माळावर लावली असती, तर पहिल्याच उन्हाळ्यात गेली असती.